सूपभर माती

रायपुरातली अर्धी आंगनं माह्या हातानं मेली. आज हे मी गुन्हा म्हनून सांगून राहिलो, पन तेव्हा याचीच मले फुशारकी वाटे. मी नत्थू मिस्त्री, फर्शीवाला. फर्शी, ढलाई, पेवर, जे म्हनान ते. जिथी माती दिसली तिथी झाकून टाकनं, हा आपला धंदा. छत्तीसगढ राज्य वेगळं होऊन रायपूर राजधानी झाली अन् माह्यासारख्याचं नशीब उघडलं. भोपाळहून साहेब आले, साहेबायच्या मागं ठेकेदार आले, ठेकेदारायच्या मागं किरायेदार आले. ज्याच्या दारात कालपर्यंत गाय बांधली होती तो बी म्हने, "मिस्त्री, आंगन पक्कं करून दे, आता आपन राजधानीत राहतो." जसं काही राजधानीत पायाले चिखल लागला तं पोलीस पकडते.

मी पहिलीत दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा नक्की पास झालो असतो, पन मास्तरची बदली झाली अन् नव्या मास्तरले पुन्हा पहिल्यापासून माही ओळख करून देनं मले बरं नाही वाटलं. म्हनून हे मी बोलून राहिलो अन् बायको लिहून राहिली. ती दहावी पास आहे. मधीमधी पेन थांबवून म्हनते, "हे काहून लिहू? लोक हसतीन." म्हटलं, लिही. माह्यावर लोक हसतेच. अन् हे माह्यावर नाहीच आहे, हे रामटेकेबाईवर आहे. मी फक्त घमेलं धरून बाजूले उभा आहे.

रामटेकेबाई गुढियारीत राहे, मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत. नवरा रेल्वेत, वॅगनच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर त्याच्या जागी बाई लागली, स्टोअरमंधी. सारी नोकरी लोखंडाच्या ठोक्यात काढली, म्हनून कान अर्धे गेले होते. कान गेलेला मानूस जोरात बोलते, ते ठीक आहे, पन बाई गुपित बी त्याच आवाजात सांगे. "नत्थू, कोनाले सांगू नको," म्हने, अन् मालधक्क्यावरचे हमाल पोतं खाली ठेवून ऐकत.

उंची पाच फूट बी नसन. कडक सुती साडी, कमरेले किल्ल्यायचा जुडगा. घरात कुलूप एकच होतं, पन स्टोअरची सवय, किल्ल्या वाजल्याशिवाय बाईले चालल्यासारखं वाटे नाही. अन् पायात रेल्वेचे काळे बूट. रिटायर झाली तरी बूट नाही सोडले. बुद्धपौर्णिमेले पांढरी साडी नेसून साऱ्या गल्लीले खीर वाटे, तेव्हा बी खालून बूटच.

तिचं आंगन म्हनजे आमच्या धंद्याच्या तोंडावर चापट. मुनगा, सीताफळ, बोर, अडुळसा, कोपऱ्यात रुई, भिंतीवर कसलासा वेल. दारावर धानाच्या लोंब्यायची झालर टांगलेली. छत्तीसगढी लोक दिवाळीच्या दिवसात नव्या धानाची टांगते, पाखरायले टिपायले. चिरई चुगनी म्हनते तिले. बाई बाराही महिने टांगे. मी एकदा म्हटलं, "बाई, किती झाडं लावली तुम्ही!" तं म्हने, "मी कुठं लावली? मी फक्त उपटली नाही."

आता पहिली भेट सांगतो. बाईच्या शेजारी साहूजी राहत, त्यायचं धान्याचं दुकान होतं. त्यायनं आंगन ढलाईले दिलं. आम्ही गिट्टी, म्हनजे खडी, पसरवली, माल कालवला, आता ओतायचा तेवढ्यात बूट वाजले. बाई आली, हातात सूप. तांदूळ पाखडायचं साधं बांबूचं सूप. सरळ कोपऱ्यात गेली अन् सूप उलटं करून ठेवलं.

"इतकं सोड."

म्हटलं, "काहून?"

"तिथी बेडूक राहते. अन् पानी कुठून मुरन? आंगनात सूपभर माती तं पायजे."

"बाई, आंगन साहूजीचं आहे."

"घर साहूजीचं आहे. माती त्याच्या बापानं बनवली का?"

आता मी पडलो विनोदी मानूस. म्हटलं, "बरं, बेडकाले म्हना अर्ज घेऊन ये, पाहू." मजूर हसले. माहा विनोद मलेच एवढा आवडला की चहाच्या ठेल्यावर जाऊन दोनदा सांगितला. सूप उचलून बाईच्या हाती दिलं अन् माल ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं कोपऱ्यात सुपाच्या आकाराचा तुकडा कापून काढलेला. ओला होता तेव्हाच काढला असन, धार अशी साफ की माह्याच्यानं बी नसती झाली. खालची माती खुरप्यानं मोकळी केलेली. अन् गेटपासून कोपऱ्यापर्यंत, जातानाचे अन् येतानाचे, रेल्वेच्या बुटाचे ठसे. चोर मानूस पाय पुसत जाते. हिनं असे ठसे उमटवले जसं आंगनावर सही केली.

साहूजी लालबुंद. भिंतीवरून बाईचं डोकं निघालं. "मैंने काढा साहूजी. बूट मेरा ही है. देख लो, नंबर भी छपा होगा."

"दीदी, ये कोई तरीका है?"

"पूरा आँगन तुम रखो. सूपाभर उसको दो."

साहूजी माह्यावर ओरडले, "भर इसको! अभी के अभी!" मी थापी घेऊन बसलो भरायले. तं त्या मातीतून बेडूक निघाला. चांगला वाटीएवढा, पाठीवर सिमेंट, अन् माह्याकडे असा पाहून राहिला जसं त्यानंच मले कामावर ठेवलं आहे. आता खरं सांगतो, मले बेडकाची भीती वाटते. लहानपनापासून. एवढा मोठा मिस्त्री, पन त्यानं एक उडी मारली अन् मी मागच्या मागं कालवलेल्या मालाच्या घमेल्यात बसलो. अन् अडकलो. साहूजीले हसू आलं. एकदा आलं ते थांबेच ना. भिंत धरून हसले, मंग खाली बसून हसले. मानूस एवढा हसल्यावर त्याले पुन्हा रागावता येत नाही. तो कोपरा तसाच राहिला. माहा पँट बी तसाच राहिला, वाळल्यावर आपल्या पायावर उभा राहे.

तेव्हापासून मी त्या पाऱ्यात, म्हनजे मोहल्ल्यात, कुठंबी कामाले गेलो की तासाभरात बूट वाजत. "सूपभर सोड." मालक भांडत, बाई भांडे, अन् शेवटी मालक थके. बाईचं थकनं मी कधी पाहिलं नाही. पुढंपुढं मी बाई यायच्या आधीच सोडून देऊ लागलो. डोकं दुखायपेक्षा बरं. अन् गंमत पाहा, शंकर नगरात एका साहेबाच्या मॅडमनं असा कोपरा पाहिला, त्यात पिवळी फुलं आली होती, फुलपाखरं बसली होती. विचारे, "ये छेद क्या है?" मी म्हटलं, "मॅडम, ये गुढियारी डिझाइन है." झालं! शंकर नगरात चार घरी गुढियारी डिझाइन गेलं. मले वाटलं बाई चिडन, तिच्या गोष्टीची मी फॅशन केली म्हनून. तं म्हने, "डिझाइन म्हन, फॅशन म्हन, माती सुटली ना? बस."

लोकायले समजवायची तिची रीत अशीच होती. भाषन नाही. पर्यावरन हा शब्द मी तिच्या तोंडून नाही ऐकला. गल्लीत नवा किरायेदार आला की बाई धानाची एक झालर घेऊन जाये अन् एकच गोष्ट विचारे, "आपके आँगन में कौन आता है?"

तो बिचारा म्हने, "कोई नहीं आता दीदी, गेट बंद रखते हैं."

"वो गेट से नहीं आते. थोड़ा कचरा रहने दो कोने में, पत्ता-वत्ता. फिर बताना."

अन् मंग दोन महिन्यानं तपासायले जाये. स्टोअरवालीच ती. कुंडी उचलून खाली पाहे, पालापाचोळा बोटानं बाजूले करे. "गोगलगाय आहे. पास." "मुंग्या, पैसा किडा, हे काय, सरड्याचं अंडं. पास." अन् कोनी औषध फवारलं असलं तं नाक वर करून वास घे अन् त्या मानसाचं नाव घेऊन साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं म्हने, "नापास!" मोठमोठे पगारवाले लोक त्या बाईच्या पास-नापासले घाबरत. मले अनुभव होता, म्हनून मले काही वाटे नाही.

नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या सर्वात तापत्या नऊ दिवसात, रायपूर म्हनजे तवा. वरून उन्ह, खालून माहं सिमेंट, अन् मधात कारखान्यायची काळी धूळ. तेव्हा लोक हौसेनं पाखरायसाठी पान्याचे सकोरे झाडाले टांगत, फोटो काढत. बाई पाहे अन् म्हने, "उडनाराची सोय झाली, चालनाराचं काय? मुंगूस काय शिडी लावन?" मंग घरोघरी एक पसरट नांद भुईवर ठेवायले लावे, अन् नांदीत एक दगड, पडलेल्या किड्याले निघता यावं म्हनून. किड्याचा बी विचार करनारी बाई, पन मानसाले सोडे नाही. एकदा रोपं वाटायचा कार्यक्रम झाला. मंडप, हार, पाहुने. पाहुन्यानं खड्ड्यात रोप ठेवलं, टाळ्या वाजल्या. बाई समोरच बसली होती. उठून म्हने, "कल पानी कौन देगा? नाम बोलो." पाहुने हसले. बाई नाही हसली. "हँसो मत, नाम बोलो." शेवटी माइकवाल्यानं माइक बंद केला, पन बाईले माइक कुठं लागे!

टिटवीची गोष्ट सांगितली पायजे. बाईच्या गल्लीच्या शेवटी एक परिया होती, परिया म्हनजे पडीक जागा. सरकारी. पावसाचं पानी साचून तिथी डबरं होई, बाजूनं बोरी, करंज, बेशरमाची झाडं. मी तिच्या काठावर गिट्टी टाकली होती, एका वकिलाच्या आंगनाची. एक दिवस गिट्टी उचलायले गेलो तं टिटवीनं डोक्यावर झडप घातली. मी घमेलं डोक्यावर उलटं घालून पळालो. ती वरून टोचे, घमेलं वाजे, अन् सारा पारा बाहेर आला पाहायले. बाई आली, गिट्टीजवळ वाकली. चार अंडे. गिट्टीच्याच रंगाचे, तिच्यातच ठेवलेले.

"नत्थू, गिट्टी नाही उचलायची."

"किती दिवस?"

"तिले विचार."

वकीलसाहेब स्वतः आले. म्हने, "माल मेरा है, मैं आज उठवाऊँगा."

बाई म्हने, "माल आपका, कब्ज़ा उसका. कब्ज़ेदार को निकालने को नोटिस लगता है ना? दीजिए नोटिस."

वकिलानं आयुष्यभर दुसऱ्याले जे सांगितलं ते त्याले कोनी सांगितलं नव्हतं. काम थांबलं. अन् मंग तोच वकील रोज कोर्टात जायच्या आधी स्कूटर थांबवून लांबून पाहे, "निकले क्या?" निघाले. कापसाचे गोळे, खाली माचिसच्या काड्या, गिट्टीवर पळून राहिले. वकिलाच्या आंगनात मंग अर्धीच फर्शी लागली. बाकीची त्यानंच नाही म्हटली. नुकसान माहंच झालं, पन मी बी रोज पाहायले जाओ, तं तक्रार कोनाजवळ करू?

आता त्या परियाची गोष्ट. ही सांगताना मले लाज वाटते, म्हनून लवकर सांगतो.

कोन्या साहेबाच्या मनात आलं की राजधानीत अशी झुडपाची जागा शोभत नाही. गार्डन बनवा. गार्डन म्हनजे काय? डबरं बुजवा, झुडपं काढा, सारीकडे पेवर, मधात कारंजं, अन् फायबरचं एक हरीन. पेवर लावायचं काम ठेकेदारानं मले दिलं. माह्या आयुष्यातलं सर्वात मोठं काम. अन् मी बाईले नाही सांगितलं. तीन दिवस तिच्या गल्लीतून जानं बंद केलं, लांबून फिरून जाओ. चवथ्या दिवशी सकाळी परियावर चुन्याच्या लाईन मारून राहिलो होतो तं मागून बूट वाजले.

मले वाटलं आता शिव्या बसतीन. बाई चुन्याच्या लाईनकडे पाहे, माह्याकडे पाहे. म्हने, "तू मारली लाईन?"

"हो बाई."

"सरळ मारली," म्हने अन् गेली.

तासाभरानं बाई परत आली. एकटी नाही. आमच्याकडे पोहा मिलमंधी काम करनाऱ्या बायका पुष्कळ, अन् पाखडनाऱ्या बाईच्या घरी सूप असतेच. सोनबती नावाची एक छत्तीसगढी बाई होती, ती पुढं. एकीच्या मागं एक बायका आल्या अन् परियावर उलटं सूप ठेवून त्याच्या बाजूले बसल्या. या काठापासून त्या काठापर्यंत सुपंच सुपं. जिथी पाऊल टाकू तिथी सूप.

ठेकेदार आला, इंजिनियर साहेब आला. तरुन होता, भोपाळहून नवाच बदलून आला होता. म्हने, "ये क्या है?"

आता मले सुचलं. म्हटलं, हा साहेब बाहेरचा, याले इथलं काय माहीत? मी पुढं होऊन, तोंड मोठं गंभीर करून म्हटलं, "साहब, ये इधर का रिवाज है. सूपा जिस मिट्टी पे रख दिया, उस मिट्टी को ढाँकते नहीं. बहुत पुराना रिवाज है."

सोनबतीनं लगेच साथ दिली, "हव साहब, हमर पारा के रिवाज ए."

साहेब घाबरला. नव्या राज्यात नवा साहेब, लोकायच्या रिवाजावर पाय पडला तं नोकरीत काय होईन सांगता येत नाही. ठेकेदाराले म्हने, "रुको, रुको. पूछना पड़ेगा ऊपर." मी मनात म्हटलं, नत्थू, पहिल्यांदा तुहं अडानीपन कामी आलं!

अन् बाई उभी राहिली. तेवढ्यापुरतं नेमकं तिले सारं ऐकू आलं होतं.

"झूठ है साहब. कोई रिवाज नहीं है. मैंने चालू किया. पाँच साल हुए."

माह्या डोक्यावर वीज पडली. मी हळूच म्हटलं, "बाई, काहून सांगता? जिंकलो होतो आपन!"

बाईनं माह्याकडे पाहिलं बी नाही. साहेबालेच म्हने, "रिवाज है इसलिए मत छोड़ो. पुराना तो बहुत कुछ था. मेरी माँ को कुएँ पे चढ़ने नहीं देते थे, वो भी रिवाज था, बहुत पुराना. मैं रिवाज का नाम लेके एक फूट नहीं माँगूँगी. सही है, इसलिए छोड़ो. सही नहीं लगता तो उठाओ सूपा."

 सोनबतीनं मान खाली घातली, मंग वर केली अन् सुपावर हात ठेवून बसली.

ठेकेदार मले म्हने, "सुना ना? रिवाज-विवाज कुछ नहीं. उठा."

सर्वात जवळचं सूप बाईचंच होतं. मी वाकलो. बाई म्हने, "उचल नत्थू. तुहं काम आहे. मी नाही अडवत."

शिव्या दिल्या असत्या तं मी उचललं असतं. देवाशपथ उचललं असतं. पन असं म्हटल्यावर हात पुढं जाये ना. बरं, हिंमत करून नाही म्हनावं, तं तेवढी हिंमत बी आपल्यात नाही. मी कमरेले हात लावला, "आई गं" म्हटलं अन् पेवरच्या ढिगावर आडवा झालो. म्हटलं, "साहब, कमर गई." मजूर मले पंखा घालून राहिले. कमरेले काहीच झालं नव्हतं. नेता लोक उपोषन करते, आपन पेवरवर झोपलो.

ठेकेदारानं दुसरा मिस्त्री आनला. त्यानं बायका पाहिल्या, सुपं पाहिली, चहा प्यायले जातो म्हने अन् वापस आलाच नाही.

तीन दिवस बायका बसल्या. बाईनं रेल्वेसारखी ड्यूटी लावली, ए शिफ्ट, बी शिफ्ट. ए शिफ्टवाली उठे तं सूप तिथीच ठेवून जाये, बी शिफ्टवाली त्याच सुपाजवळ बसे. उन्ह असं की लांबून पाहिलं तं मानसं हलल्यासारखी दिसत. बाई एका शिफ्टमंधी नव्हती, दोन्हीत होती. मी कमर धरून त्यायले पानी नेऊन देओ. बाई म्हने, "कमर कशी आहे?" म्हटलं, "चालते." म्हने, "परिया सुटतपर्यंत बरी करू नको."

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब एकटाच आला, ठेकेदाराले न घेता. बाईसमोर भुईवर बसला. घाम पुसत म्हने, "अम्मा, आप चाहती क्या हैं? लोगों को बैठने की जगह तो चाहिए ना?"

"किसने मना किया? चारों बाजू से दो हाथ का रास्ता बना, बूढ़े लोग चलें. बीच में हाथ मत लगा. पानी को पानी रहने दे."

साहेब डबऱ्याकडे पाहत बसला. पान्यात एक पानकोंबडी होती, मागं तिची काळी पिल्लं. साहेबानं ते पाहिलं का, मले नाही माहीत. तो उठला अन् म्हने, "किनारे-किनारे कर दो." एवढंच. कागदावर त्यानं काय लिहिलं ते त्यालेच ठाऊक, पन डबरं राहिलं, झुडपं राहिली, काठानं रस्ता झाला. तो मीच लावला, अन् कमर त्याच दिवशी बरी झाली. कारंजं गेलं. हरीन आधीच घेऊन झालं होतं म्हनून ते बसवलंच. दोन पावसात त्याच्या पोटाले भोक पडलं अन् मैनेनं आत घरटं केलं. हरनाच्या पोटातून पिल्लू ओरडे तं नवे लोक दचकत. बाई म्हने, "सरकारनं पहिल्यांदा कामाचं काही बांधलं."

परियाची गोष्ट इथी संपली असती तं मी हिरोच असतो. पन जमीन कधी संपत नाही. काही सालानं पुन्हा एक कागद आला, परियावर दुकानं काढायचा. तोपर्यंत बाईचा दम उखडला होता, चार पावलं चालली की भिंत धरे. छातीत धूळ बसली, डॉक्टर म्हने. मुलगी नागपूरहून न्यायले आली, बाई म्हने, "परियाचा अर्ज देतो, मंग येतो." अर्ज दिला. नागपूरले गेली अन् तिकडेच वारली. मुलीचा फोन आला तेव्हा मी बीरगांवले एका आंगनात काम करून राहिलो होतो. खाली बसलो. मालक म्हने, "क्या हुआ, फिर कमर?" म्हटलं, "हव."

दुकानं अजून झाली नाही. फाइल फिरून राहिली. टेप घेऊन मानसं येते, सोनबती बाहेर येऊन उभी राहते. आता ती बी म्हातारी झाली, पन रिवाज आहे असं ती बी नाही म्हनत. "सही ए," म्हनते, "हमन नइ छोड़न." ते लोक वापस जाते, पुन्हा येते. आपन बी तिथीच उभे राहतो. मागं, पन उभे राहतो.

अर्ज द्यायले बाईसंगं मीच गेलो होतो, तो दिवस सांगून थांबतो.

ऑफिस नया रायपुरात गेलं होतं. तिकडं रस्ते एवढे मोठे अन् मानसं एवढी कमी की वाटते, आपन एका दिवसाआधीच आलो. काचेच्या इमारती, अन् समोर लॉन. हिरवं असं की रंग मारल्यासारखं. त्यावर ना कीडा, ना पाखरू. काठावर बोर्ड. मले वाचता नाही आलं, बाईनं वाचून दाखवलं, "घास पर चलना मना है."

अर्ज घेऊन आत तीन टेबलं फिरलो. एक म्हने उद्या या, एक म्हने त्यायले द्या, तिसरा म्हने साहेब जेवायले गेले. बाई म्हने, "मंग आपन बी जेवू. ते आल्यावर शिक्का घेऊनच जातो."

बाहेर आलो. बसायले एक बाक नाही. बाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, बूट काढले, अन् बोर्डाच्या बाजूनं, दम घेत-घेत, सरळ लॉनमंधी चालत गेली. मधोमध बसली. पिशवीतून डबा काढला, भाकर काढली, मिरचीचा ठेचा काढला.

गार्ड शिट्टी फुंकत आला. काठावर थांबला. "अम्मा! उधर बैठना मना है!"

बाईनं त्याले हातानं बोलावलं. "इधर आके बोल."

गार्डनं बोर्डाकडे पाहिलं, आपल्या बुटायकडे पाहिलं. त्याले बी गवतावर पाय ठेवायची मनाई होती. तो काठावरूनच पुन्हा शिट्टी फुंके. मंग माह्याकडे पाहून म्हने, "भैया, आप बोलो ना." मी म्हटलं, "भैया, अपन तो रास्ते पे हैं." आम्ही दोघं मोठी मानसं, हात मागं बांधून, फर्शीवर एका लाईनीत उभे.

बाई तिकडं, उन्हात, पाय पसरून. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याले लावला, तोंडात घातला. शिट्टी वाजतच होती. बाईनं सावकाश चावून खाल्लं अन् दुसरा तुकडा मोडला.